मिर्झाची जबानी

बावीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर आहे. या बावीस वर्षांत दवाखान्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसानं मला एक वाक्य ऐकवलंय, "बिचाऱ्याला बोलता येत नाही हो, काय दुखतंय ते सांगणार कसं?" मी चेहरा गंभीर करून मान हलवतो. मनात म्हणतो, बोलता येत नाही हेच बरंय. माझा मेहुणा इथेच हैदराबादेत, दिलसुखनगरला दातांचा डॉक्टर आहे. पेशंटनं तोंड उघडावं पण बोलू नये अशी सोयीची शाखा त्यानं निवडली, तरी बिल हातात पडलं की त्याचे पेशंट बोलतातच. माझे फार तर चावतात. चावणं परवडलं.

तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझा एक पेशंट बोलला, आणि तो माझ्याविरुद्ध बोलला.

पाकीट रजिस्टर्ड पोस्टानं आलं. मी वासराच्या नाळेत गुंतलो होतो म्हणून कंपाउंडरनं सही करून घेतलं आणि "साब, कुछ तो भी सरकारी है" म्हणत टेबलावर ठेवलं. सरकारी म्हटल्यावर मी ते चार तास उघडलं नाही. संध्याकाळी उघडलं. आत पशुवैद्यक परिषदेचं पत्र होतं आणि सोबत तक्रारीची प्रत. मजकूर इंग्रजीत होता. त्याचा मराठी मथितार्थ असा : तक्रारदाराचा पक्षी (आफ्रिकन ग्रे पोपट, नर, वय सुमारे नऊ) आपल्या दवाखान्यात चार दिवस दाखल असताना आपण त्याच्या समक्ष, किंबहुना त्याला उद्देशून, त्याच्या मृत्यूची इच्छा व्यक्त करणारे शब्द वारंवार उच्चारले, सबब व्यवसायास न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत करावा.

आधी मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. मग तक्रारदाराचं नाव वाचलं आणि समजलं, की हा गृहस्थ चेष्टा करणाऱ्यांतला नाही. आमच्या भागात त्यांना सगळे मास्टरसाब म्हणतात. पस्तीस वर्षं शाळेत उर्दू शिकवलेले. शेरवानीची बटणं मे महिन्यातही गळ्यापर्यंत लावणारे. आणि तो पक्षी म्हणजे मिर्झा.

मिर्झा नर आहे हे मास्टरसाबांचं मत. आफ्रिकन ग्रेमध्ये नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाही, डीएनए तपासावा लागतो. पण मिर्झा शेर ऐकताना मान तिरकी करून दाद देतो आणि कर्ज असल्यासारखा उदास दिसतो, एवढ्यावर मास्टरसाबांनी त्याचं लिंग आणि नाव दोन्ही ठरवून टाकलं. वाचकांनी हेही लक्षात घ्यावं, की मिर्झा करडा होता म्हणूनच माझ्यावर ही वेळ आली. आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे हिरव्याचे मालक दवाखान्यात येतात तेच पिशवीवर टॉवेल टाकून, आणि उपचार कसेही झाले तरी ते कुठेही तक्रार करत नाहीत. व्यवसायाच्या दृष्टीनं हिरवा पोपट आदर्श. करड्याची कागदपत्रं असतात. मास्टरसाबांची तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतात, वर सुवाच्य अक्षरात अनुक्रमणिका.

आता आजाराबद्दल. मिर्झाला फिट आली होती. रात्री अकराला फोन आला. मी म्हटलं, फोनवर काही सांगणार नाही, घेऊन या. (या एका वाक्याबद्दल पुढे वकिलांनी माझी पाठ थोपटली, ते येईलच.) आफ्रिकन ग्रेच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येणं हे या जातीचं नेहमीचंच दुखणं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं की ते हमखास होतं. मी आहार विचारला. मास्टरसाब म्हणाले, "सूरजमुखी के बीज, और चार बजे हमारे साथ चाय में भिगोया हुआ आधा उस्मानिया." इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटावर अख्खं हैदराबाद जगतं हे खरं, पण हैदराबादला पिसं नसतात. मी मिर्झाला दाखल करून घेतलं. इंजेक्शन दिलं, उन्हात ठेवलं, पालेभाजी खायला शिकवली. चौथ्या दिवशी तो ठणठणीत होऊन घरी गेला. तक्रारीच्या अडीच पानांत याचा उल्लेख एका ओळीत आहे : "पक्ष्याची प्रकृती सुधारली, परंतु."

तो "परंतु" असा घडला. आठवडाभरानं मास्टरसाबांच्या नातीला पाहायला पाहुणे आले. मिर्झाला अशा प्रसंगांचं नऊ वर्षांचं शिक्षण होतं. पाहुणा उंबऱ्यात आला की "आदाब", बसला की "तशरीफ रखिए". तेवढं त्यानं चोख केलं. मग खुबानी का मीठा आला. मुलाच्या वडिलांनी एक वाटी संपवली आणि दुसरीकडे हात नेला. तो हात अर्ध्यावर असताना दिवाणखान्यात माझा आवाज घुमला, "मेल्या, नको म्हटलं ना!"

माझाच आवाज. आधी घसा खाकरणं, मग "मेल्या"वर चढवलेला सूर, सगळं. मुलाच्या वडिलांनी हात मागे घेतला. अर्थ कुणालाच कळला नव्हता, पण सूर कळायला कुठली भाषा लागत नाही. मास्टरसाबांनी त्याच संध्याकाळी काचीगुड्याच्या एका मराठी बँकवाल्या परिचिताला फोन लावून अर्थ विचारला. या प्रकरणात मी सगळ्यांना माफ केलं आहे, त्या बँकवाल्याला केलेलं नाही. त्यानं जन्मभर चेक वटवले तसं भाषांतर केलं : लिहिलेल्या रकमेएवढंच. "मेल्या यानी ओ मरे हुए," असं त्यानं सांगितलं.

तक्रारीचा चौथा परिच्छेद मास्टरसाबांचा स्वतःचा आहे हे वाचताक्षणी कळतं. त्यात म्हटलंय, की पक्षी जो शब्द बोलतो तो "नको" आहे, आमचा "नक्को" नव्हे; आमच्या शब्दात काफवर तश्दीद आहे, म्हणजे क दुहेरी आहे; या पक्ष्याचा क एकेरी आहे; सबब हा शब्द त्यानं आमच्या मोहल्ल्यात ऐकलेला असणं संभवत नाही. बोटांचे ठसे जुळवतात तसा त्यांनी माझा ककार जुळवला होता. यावर मी काय खुलासा करणार? दखनी उर्दूनं "नको" आमच्याकडूनच उचलला, वर एक क फुकट लावला, आणि चार शतकांनी त्याच एका ककारावर मला पकडलं.

आमच्या पेशाच्या कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४चा. त्याखाली दिल्लीत देशाची परिषद आणि राज्याराज्यांत राज्यांच्या. आपलं नाव त्यांच्या नोंदवहीत असेल तरच प्रॅक्टिस करायची. वागायचं कसं, याची नियमावली १९९२ची. नाव नोंदवताना मी ती पाळीन असं लिहून दिलं होतं; पाळत आलोही होतो; वाचली मात्र त्या रात्री पहिल्यांदा. स्वतःची जाहिरात करू नये वगैरे सगळं त्यात आहे. पोपटासमोर कसं बोलावं हे कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

त्या रात्री मी पहिला खुलासा लिहिला. अकरा पानं. त्यात परभणीला शिकत असताना गाभण म्हशीसाठी पुरात उतरल्याची हकिकत होती, लॉकडाऊनमध्ये फुकट टोचलेल्या लसींचा हिशेब होता, आणि शेवटी "याच का त्या सेवेचं फळ?" असा सवाल होता. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण पोपट कुठाय यात?"

दुसरा खुलासा मी पहाटे लिहिला. तो दीड पानाचा होता आणि त्यात मी सगळ्यांची माफी मागितली होती : मास्टरसाबांची, त्यांच्या नातीची, परिषदेची, पक्षीजातीची. तो घेऊन सुलतान बाजारातल्या वकीलकाकांकडे गेलो. वकीलकाका विवेकवर्धिनीचे विद्यार्थी, तीन पिढ्यांचे हैदराबादी मराठी, म्हणजे "हो"च्या जागी "हौ" म्हणणारे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "डॉक्टर, हे दिलंत तर परिषदेला चौकशीच करायला नको. तुम्ही यात जवळजवळ खून कबूल केलाय."

मग त्यांनी स्वतः मसुदा केला. त्याची भाषा मी जन्मात विसरणार नाही. मिर्झा तिथे मिर्झा राहिलाच नव्हता. तो "तक्रारदाराच्या मालकीचा असल्याचे सांगण्यात येणारा पक्षी" झाला होता. त्यानं "कथित प्रसंगी" "कथित पाहुण्यांसमोर" "कथित शब्द" उच्चारले होते. खुबानी का मीठाही कथित होता. चार परिच्छेद वाचल्यावर मी स्वतः खरोखर आहे का, अशी मला शंका आली.

"आता मला खरं सांगा," वकीलकाका म्हणाले, "मेल्या कुणाला म्हणालात?"

"मांजराला." खरंच सांगितलं. शेजारच्या पिंजऱ्यात एक पर्शियन मांजर होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं गजांतून पंजा काढून मिर्झाच्या शेपटीला हात घातला, आणि मी ओरडलो. म्हणजे मिर्झाला वाचवतानाच तो शब्द माझ्या तोंडून गेला. भावनेच्या भरात जोरानं उच्चारलेला शब्द ग्रे पोपट एका फटक्यात उचलू शकतो. हळू आवाजात शंभरदा म्हटलेलं "गुड मॉर्निंग" तो कानाआड करतो. याबाबतीत तो शाळकरी पोरांसारखाच.

"मांजराला असं लिहायचं?" वकीलकाकांनी पेन खाली ठेवलं. "मग मांजराची मालकीण दुसरी तक्रार करील."

"मग कंपाउंडरला म्हणालो असं लिहू."

कंपाउंडरला बोलावलं. तो खम्मम जिल्ह्यातला तेलुगू माणूस, पण दखनी पट्टीचा बोलतो. "हौ साब, मेरेकूच बोले लिखो," तो उदारपणे म्हणाला. "झूट किधर है? डाक्टर साब मेरेकू रोजच बोलते."

"कधी बोलले? तारीख?"

"परसों."

हैदराबादेत "परसों" म्हणजे परवा नव्हे. कालच्या अलीकडचा काळ सोडला तर मागचं जे काही आहे ते सगळं परसों. फ्रिज परसों घेतला, लग्न परसों झालं, निझाम परसों गेला. वकीलकाकांनी हा साक्षीदार तिथल्या तिथे सोडून दिला. त्याच्या त्या "मेरेकूच", "रोजच" मधला "च" मात्र मला फार वेळ टोचत राहिला. तोही आमचाच. आम्ही या शहराला "नको" दिला, "च" दिला, आणि देताना पावती घेतली नाही.

मग दाखले शोधायला बसलो. वकीलकाकांचा मुलगा या कामात हुशार. त्यानं पहिला काढला तो इंग्लंडमधल्या लिंकनशर वाइल्डलाइफ पार्कचा. २०२० साली तिथे पाच आफ्रिकन ग्रे एकत्र ठेवले होते. पाचही जण शिव्या द्यायला लागले, एकानं दिली की दुसरे हसायचे, म्हणून त्यांना लोकांच्या नजरेआड हलवावं लागलं. "यावरून पोपट एकमेकांकडूनही शिकतात हे सिद्ध होतं," असं त्याचं म्हणणं. पण माझ्याकडे दुसरा पोपट नव्हता. होतं ते मांजर.

दुसरा दाखला अमेरिकेतल्या मिशिगनचा. २०१५ साली एका माणसाचा घरात गोळ्या घालून खून झाला, आणि त्याचा आफ्रिकन ग्रे पुढे त्याच्याच आवाजात "गोळी झाडू नको" अशा अर्थाचं, मध्ये एक शिवी घालून, बोलत राहिला. नातेवाइकांना खात्री होती, की तो ती शेवटची रात्र सांगतोय. २०१७मध्ये त्या माणसाची बायको दोषी ठरली, पण पोपटाला काही साक्षीला बोलावलं नाही. वकीलकाका खूश झाले. "म्हणजे पोपटाची जबानी ग्राह्य नाही!" मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. तिथेही पक्षी "नको"च म्हणत होता, आणि तिथे तो खरं बोलत असावा. इथे तर तो खरं बोलतोय हे मला माहीतच होतं.

तिसरा दाखला टेक्सासच्या एका निवृत्त पशुवैद्याचा, रोनाल्ड हाइन्स यांचा. जनावर न तपासता ते लोकांना इंटरनेटवरून सल्ला देत, म्हणून तिथल्या बोर्डानं त्यांना दंड केला आणि नियमांची परीक्षा पुन्हा द्यायला लावली. ते कोर्टात गेले, २०१५ साली हरले, पुन्हा लढले आणि २०२४ साली जिंकले. याचा माझ्याशी संबंध एवढाच, की मी रात्री अकराला फोनवर काही सांगितलं नव्हतं. "हे एक काम तुम्ही बरोबर केलंत," वकीलकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं.

चौकशांचा विषय निघाला म्हणून सांगतो, या शहराला वैद्यकीय चौकशीची परंपरा मोठी आहे. सहाव्या निझामाच्या काळात, १८८८ आणि १८८९ साली इथे क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद. रेसिडेन्सी सर्जन लॉरी यांचं ठाम मत श्वासाचं. निझामानं पैसे दिले, लंडनच्या 'लॅन्सेट'नं आपला माणूस पाठवला, आणि शेकडो जनावरांवर, त्यातही बहुतकरून हैदराबादच्या गल्लीतल्या कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं लागला. पुढे १९११मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं, की हृदयही थांबतं, एकाएकी थांबतं. आणि त्यानं ते दाखवलं मांजरांवर. माझ्या बाबतीत मांजर कामाला आलं नाही, पण या शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरला मांजरानंच खोटं पाडलं, याचं मला उगीच समाधान वाटलं. त्या कुत्र्यांपैकी एकानंही परिषदेकडे तक्रार केली नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे, की पेशंटचं म्हणणं नेहमी दुसराच कुणीतरी सांगतो : मालक सांगतो, डॉक्टर लिहितो, परिषद वाचते.

लिहितो म्हणालो खरं. वकीलकाकांनी मिर्झाचा केस पेपर मागितला तेव्हा मी तो अभिमानानं काढून दिला. त्यावर चार दिवसांच्या मिळून एकंदर सहा शब्द होते, त्यांतला एक "कॅल्शियम", एक "बरा", आणि बाकीचे मलाही लागले नाहीत. वकीलकाका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. "डॉक्टर," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात चार दिवसांत जे घडलं त्याची तुमच्यापेक्षा चांगली नोंद पोपटानं ठेवलीय."

उरला प्रश्न "मेल्या" या शब्दाचा. याचा खुलासा द्यावाच लागणार होता. मी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन कोश उलटले. कोशात अर्थ मिळतो, सूर मिळत नाही. हा शब्द माझ्या तोंडी आजीकडून आला. तिकडे परभणीला माझी आजी मला "राजा" म्हणाली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण राजा म्हटल्यावर औषध पाजायची. "मेल्या, इकडे ये" म्हणाली की समजायचं, ओच्यातून खडीसाखर निघणार. "मुडद्या" म्हणाली की सणच. आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या आपल्या जिवंत पोराबाळांना मेलेलं म्हणून ठेवलं, की काळानं दारावरून जाताना म्हणावं, इथलं काम झालेलं दिसतंय. आता हे इंग्रजीत, परिच्छेद सातमध्ये, "विनम्रपणे सादर करण्यात येते की" या शब्दांनी सुरू करून कसं लिहायचं? मी लिहिलं. वकीलकाकांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी त्याचं एक वाक्य केलं : "सदर शब्द प्रतिवादीच्या मातृभाषेत, विशेषतः स्त्रियांच्या बोलीत, वात्सल्यवाचक म्हणून वापरला जातो." वाचून बायको म्हणाली, "आणि तू कोण?"

सुनावणीच्या दिवशी मी वेळेआधी अर्धा तास पोचलो. बाहेरच्या बाकावर मास्टरसाब माझ्याही आधी येऊन बसलेले, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. मला बघून उठले. ज्यानं तक्रार केली तो माणूस उठून उभा राहतो आणि हातानं जागा दाखवतो, "तशरीफ रखिए डाक्टर साब", हे फक्त याच शहरात घडू शकतं. वकीलकाकांनी मला आधीच बजावलं होतं, तक्रारदाराशी अवाक्षर बोलायचं नाही. मी बसलो. मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवलं. मास्टरसाबांनी खिशातून पानाची डबी काढून त्या अंतरात ठेवली, दोघांना सारखी पोचेल अशी.

दहा मिनिटं गेली. मग त्यांचा फोन वाजला. मास्टरसाबांना ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून बेगमसाहिबा होत्या. औषध घेतलं का, परिषदेत आवाज चढवू नका, रक्तदाब आहे, असं चाललं होतं. मागून मिर्झाचा आवाज आला. काय बोलला ते नीट कळलं नाही, पण काहीतरी खाली पडून फुटल्याचा आवाज त्यापाठोपाठ आला. आणि बेगमसाहिबा फोन हातात तसाच धरून पिंजऱ्यावर कडाडल्या, "अरे मुए! नक्को बोली ना!"

बाकावर शांतता पसरली.

मी वकीलकाकांचा सल्ला मोडला. "मास्टरसाब," म्हटलं, "मुए यानी?"

मास्टरसाब फोनकडे बघत होते. पस्तीस वर्षं शब्द फोडून शिकवलेला माणूस. त्याला मी काय सांगणार? मुआ म्हणजे मेलेला. जुन्या घरंदाज उर्दू बायकांच्या बोलीतला शब्द. आमचा मेला आणि त्यांचा मुआ, दोन्ही त्याच संस्कृत "मृ"ची नातवंडं. एक गोदावरीकाठी वाढलं, एक जमनाकाठी. आमच्या आजीनं आणि त्यांच्या अम्मीनं एकमेकींना कधी बघितलं नाही, पण काळाला फसवायची युक्ती दोघींनी तीच काढली. हे मी सगळं नंतर जुळवलं. त्या क्षणी मास्टरसाब एवढंच म्हणाले, "हमारी अम्मी भी..." आणि थांबले. मग फोन कानाशी नेऊन अगदी हळू विचारलं, "सुनो, तुम मिर्झा को ये कब से बोल रही हो?"

"नौ साल से," स्पीकर म्हणाला. "और आप को चालीस साल से."

मास्टरसाबांनी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र तिथेच बाकावर बसून लिहिलं. मला वाटलं, दोन ओळींत काम होईल. त्यांनी तीन पानं लिहिली, आणि त्यात एक पूर्ण पान व्युत्पत्तीवर आहे. वकीलकाका हळहळले, त्यांचा "वात्सल्यवाचक" वाया गेला होता. नातीचं लग्न त्याच मुलाशी ठरलं, हेही जाता जाता सांगतो. मुलाच्या वडिलांना मधुमेह निघाला, आणि मिर्झानं दुसऱ्या वाटीला वेळेवर अडवलं, अशी आता दोन्ही घरांत आख्यायिका आहे.

मी माझ्यात एकच सुधारणा केली. दवाखान्याचे केस पेपर नवे छापून घेतले. वजन, तापमान, लसीकरण, आणि पक्ष्यांसाठी खाली एक जादा रकाना : "दाखल होताना येत असलेले शब्द". मालकानं भरायचा आणि सही करायची.

परवा (मराठी परवा, दखनी नव्हे) मास्टरसाब मिर्झाची चोच घासून घ्यायला आले. तो रकाना बघून फार प्रसन्न झाले. बसले, पेन काढलं आणि उजवीकडून डावीकडे सावकाश लिहायला लागले. आदाब. तशरीफ रखिए. मुए. मग पेन थांबलं.

"डाक्टर साब, ये 'मेल्या' में लाम पे तश्दीद आएगी क्या?"

मी म्हटलं, माहीत नाही. मास्टरसाबांनी मिर्झाकडे बघितलं. "बोलो मियाँ, एक बार फिर बोलो. साफ बोलना." मिर्झानं मान तिरकी केली, माझ्याकडे एक डोळा लावला आणि काही केल्या तोंड उघडलं नाही.